मागच्या सीटचे वजन

हात धुताधुता त्याच्या मनात शंका आली, आणि मनगटांवरचा साबणाचा फेस तसाच ठेवून तो वाहत्या नळासमोर उभा राहिला.

दांडी बसवताना तिच्यावरचा ठिपका कोणत्या बाजूला होता? चाकाकडे, की आत?

गाडी तर निघून गेली होती. बेकरीवाले काका दुपारी स्वतः येऊन ती घेऊन गेले होते, आणि जाताना गॅरेजभर ताज्या पावाचा वास ठेवून गेले होते. घाटापलीकडच्या गावात उद्या त्यांचे दुसरे दुकान उघडणार होते. आज सारे कुटुंब तिकडे निघायचे होते: मागच्या सीटवर काकू, काकांची आई आणि काकूंची आई, आणि डिकीत पिठाची पोती व पाव भाजायचे पत्रे. ‘दिवे चकाचक झाले ना रे?’ असे काकांनी विचारले होते, आणि त्याने मान डोलावली होती. मान डोलावणे त्याला नेहमीच बोलण्यापेक्षा सोपे जाई.

“काय रे शंकासुरा, नळाशी लग्न लावलंस का?” मागून पैलवानाचा आवाज आला. पैलवान धुलाई खात्यातला. त्याच्या हातातल्या पाइपातून नेहमी थोडे पाणी आणि तोंडातून नेहमी थोडी थट्टा गळत असे.

“त्या बेकरीच्या गाडीची दांडी...”

“झालं! सुरू! अरे, यंत्रानं हिरवा दिवा दिला ना? मी आत बसलो होतो. माझ्या डोळ्यांनी बघितला.”

“यंत्र फक्त शून्य कुठे आहे ते विचारतं.”

“आणि तू शंभर प्रश्न विचारतोस. घरी जा. मालकीणबाईंच्या कानावर गेलं तर उद्यापासून हा पाइप तुझ्या हातात असेल, आणि खरं सांगू, तुला पाइपसुद्धा धरता यायचा नाही. दर गाडीला विचारशील, धुतलं का मी तुला?”

धुलाईतली सगळी माणसे हसली. तोही कसनुसा हसला, फेस धुतला आणि निघाला; पण शंका काही धुतली गेली नाही.

गॅरेजच्या मागच्या अंगाला त्याची खोली होती. खोली म्हणजे एक लांबट, बिनखिडकीची जागा. तीन भिंती काळ्या रंगवलेल्या आणि चौथी पांढरी, तिच्यावर आडव्या-उभ्या रेघा. दिवे तपासायची गाडी त्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी करायची, दार लावून घ्यायचे आणि अंधारात दिव्यांचा उजेड कुठल्या रेघेवर बसतो ते पाहायचे. त्या खोलीत कुणी कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नसे. जो येई तो भिंतीकडे बघे. दुकानात शिरण्याआधी काय मागायचे याची मनातल्या मनात उजळणी करणाऱ्या, ओळखीचे माणूस दिसताच पलीकडच्या पदपथावर जाणाऱ्या त्याच्यासारख्याला जगात जर कुठे मोकळे वाटत असेल, तर ते तिथे. उजेड सरळ रेषेत जातो, आणि त्याच्याशी बोलावे लागत नाही, याचे त्याला फार बरे वाटे.

आजच्या गाड्यांचे दिवे नुसते पेटत नाहीत, ते आजूबाजूला लक्ष ठेवून असतात. पुढच्या काचेमागे, आरशाच्या आडोशाला, दोन इवलीशी उपकरणे बसलेली असतात. एकाला फक्त उजेड किती उरला एवढेच कळते. सांज झाली, बोगदा आला, की ते चालकाला न विचारता दिवे लावते. दुसरा असतो कॅमेरा. तो समोरून येणाऱ्या दिव्यांचा ठाव घेतो, आणि मग अप्परच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या झोतातला नेमका तेवढाच तुकडा विझतो, जेवढ्यात समोरच्या गाडीतले डोळे बसलेले असतात. दोन्ही कडांची झाडे लखलखीत, आणि मधोमध त्या परक्या गाडीपुरती सावलीची एक खोली. गाडी जसजशी जवळ येते तसतशी ती खोलीही तिच्यासोबत सरकत जाते. स्टिअरिंग फिरले की दिवेही वळणाच्या आत मान वळवतात.

या साऱ्या हुशारीपुढे मागच्या चाकाजवळची ती डबी अगदीच गरीब. तिचे कुणाला नावही ठाऊक नसते. म्हणूनच बहुधा त्याचा तिच्यावर जीव होता. डबीतून एक बोटभर दांडी निघते, आणि दांडीचे टोक एका काडीने चाकाच्या सांध्याशी जोडलेले असते. मागे माणसे बसली की गाडीची पाठ खचते, नाक वर होते, आणि नाकासोबत दिवेही आभाळाकडे बघू लागतात. दांडी किती फिरली यावरून डबीला ते कळते, आणि दिव्यांमागची छोटी मोटर त्यांना हळूच खाली वाकवते.

काकांच्या गाडीची दांडी गंजून तुटली होती. त्याने नवी बसवली. ही नवी दांडी दोन्ही बाजूंनी बसत असे. एका अंगावर फक्त एक उठावदार ठिपका, आणि तो चाकाकडे यायला हवा, एवढाच काय तो फरक. ती उलटी बसली, तर डबी खोटे बोलत नाही, फक्त उलटे बोलते. पाठ खचली की ती सांगणार, पाठ उचलली गेली. आणि मोटर आधीच वर गेलेल्या दिव्यांना आणखी वर उचलणार. अप्परला आवर घालायला कॅमेरा असतो. पण डिपर, म्हणजे जवळचा खालचा झोत, कधी विझत नाही; तो रस्त्यावर अंथरलेल्या सतरंजीसारखा कायम पडलेला असतो. ती सतरंजीच उचलून समोरच्याच्या डोळ्यांवर टाकली, तर तिला अडवणारे कुणी नाही. आणि घाटात ज्याचे डोळे दिपतात त्याच्या एका बाजूला डोंगर असतो, आणि दुसऱ्या बाजूला काहीच नसते.

हे खोलीत कळले कसे नाही? कळणारच नव्हते. तपासणीच्या वेळी चालकाच्या जागी एका माणसाचे वजन हवे, असा नियम होता, आणि त्यासाठी धुलाईतून पैलवानाला बोलावले जाई. तो सीटवर बसून भिंतीकडे बघत जांभया देई, आणि गॅरेजमध्ये त्याला ‘आमचं माप’ म्हणत. मागची सीट मात्र नेहमी रिकामी असे. तिच्यावर कधी कुणी बसलेच नव्हते. रिकाम्या गाडीत दांडी सुलटी असो की उलटी, यंत्र विचारते, ‘हे शून्य धरू?’, माणूस म्हणतो, ‘धर’, आणि हिरवा दिवा लागतो. शून्य दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते.

घरी पोहोचला तेव्हा आई बटाटे सोलत बसली होती आणि ताई दवाखान्यात ड्यूटीवर जाण्यासाठी आरशासमोर केस बांधत होती. कुलूपवाल्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत एकाने चप्पल काढली की दुसऱ्याला सरकावे लागे. तो सरकला नाही. पुढच्या खोलीत जमिनीवर पाठ टेकून पडला, डोळे मिटले, आणि दोन्ही हात वर धरून हवेत नट आवळू लागला.

“आई, बघ गं,” ताई म्हणाली, “तुझा मुलगा छताला पाना लावतोय.”

“उठ रे, फरशी गार आहे,” आई म्हणाली.

तो उठला नाही. हातांना आठवत असेल, असे त्याला वाटत होते. दांडी नीट बसली असती तर नट आवळताना ठिपका अंगठ्याला लागला असता. अंगठ्याला काय लागले होते? गुळगुळीत काहीतरी. पण मग हातमोजे घातले होते का? सकाळी घातले होते. दुपारी काढले होते. दांडी सकाळी बसवली की दुपारी? जितके आठवावे तितके ते आठवणे खोटे होत जाई. एकच पायरी पुन्हा पुन्हा पुसली की तिचा रंगच निघून जावा, तसे.

“आज काय राहिलंय?” ताईने वेणीतली पिन दातांत धरून विचारले. “गॅस? नळ? का सूर्य नीट बंद झाला की नाही ते बघून यायचंय?”

त्याने सांगितले. तुटक तुटक, पण सगळे सांगितले. ताईने पिन केसांत खोवली आणि ती पहिल्यांदाच हसली नाही.

“मला एक सांग. दांडी उलटी बसली असेल याची भीती वाटतेय, का फोन केला आणि काही निघालं नाही तर लोक हसतील याची?”

“दोन्हींची.”

“जास्त कशाची?”

खरे उत्तर त्याला लाजिरवाणे वाटले.

त्याला कारणही होते. याआधी दोनदा त्याने गाड्या परत बोलावल्या होत्या. एका वकिलांना कोर्टाच्या दारातून, आणि एका मुख्याध्यापिकाबाईंना शाळेच्या परीक्षेच्या दिवशी. दोन्ही वेळा सारे काही जागच्या जागी होते. दुसऱ्या वेळी बाईंनी, म्हणजे गॅरेजच्या मालकिणीने, त्याला समोर उभे करून सांगितले होते, “तिसऱ्यांदा असं झालं तर ती खोली दुसऱ्याला. तू धुलाईत.” बाई आवाज चढवत नसत. ज्यांना शब्द पाळायचा असतो त्यांना तशी गरज पडत नाही. धुलाई म्हणजे उघडे अंगण, मोठ्याने लावलेला रेडिओ, आणि दिवसभर पैलवानाची टोळी. त्या अंगणात आपण चार दिवसांत वाळून जाऊ, असे त्याला वाटे.

ताई निघून गेली. तो गॅलरीत आला. दिवस आखूड होते. ऊन समोरच्या गच्च्यांवरून केव्हाच उतरले होते आणि आकाशाला विझत्या निखाऱ्याची राख चढली होती. खालच्या रस्त्यावर एका गाडीचे दिवे आपोआप लागले. मग दुसरीचे. मग तिसरीचे. कुणी बटण दाबत नव्हते. जणू एक गाडी दुसरीच्या कानात काही सांगत होती. कुठेतरी काकांच्या गाडीचेही आता लागले असतील. पाठीशी तीन बायका आणि पोतीच्या पोती, आणि नाक वर.

त्याने बाईंना फोन लावला.

“हॅलो बाई, मी बोलतोय.”

“मी कोण?”

“दिवे.”

“बोल, दिवे.”

“त्या बेकरीच्या गाडीची दांडी उलटी बसली असेल असं वाटतंय.”

पलीकडे भांड्यावर चमचा आपटल्याचा आवाज आला, आणि थांबला.

“वाटतंय, का आहे?”

“खात्री नाही. खात्री नाही म्हणूनच...”

“वकीलसाहेबांच्या वेळी काय निघालं होतं?”

“काही नाही.”

“आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या?”

“काही नाही.”

“हं.” ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला. “ते लोक उद्या दुकान उघडणार आहेत. आज अर्ध्या वाटेतून त्यांना मागे फिरवलंस आणि काही निघालं नाही, तर मी बोलले ते करीन. मला वाईट वाटेल, पण करीन. आणि उलट झालं, काही निघायचं असेल आणि तू फोन केला नाहीस, तर ते माझ्याच्यानं बोलवणार नाही. काम तू केलंयस, मी नाही. ठरव.”

फोन बंद झाला. त्याने कठडा घट्ट धरला. एखाद्याने ‘कर’ म्हटले असते तर त्याने केले असते. ‘करू नकोस’ म्हटले असते तरी, रात्रभर तळमळत का होईना, तो पडून राहिला असता. पण ‘ठरव’ हा शब्द त्याच्या अंगावर फार सैल झाला. तो गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. आईने आतून विचारले, “अरे, कुणाला शोधतोयस?” खाली कुलूपवाला शटर ओढत होता. ते शटर जमिनीला टेकायच्या आत फोन लावायचा, असे त्याने मनाशी ठरवले. ते टेकले तेव्हा घंटी वाजत होती.

“हॅलो?” काकूंचा आवाज आला. “कोण?”

काय बोलायचे ते त्याने ठरवले होते, पण ठरवलेले वाक्य दारातच अडकले.

“अहो, कुणीतरी नुसता श्वास घेतोय,” काकू दुसऱ्या कुणाला तरी म्हणाल्या.

“ठेवून दे,” दुरून काकांचा आवाज आला. “चहा गार होतोय.”

“ठेवू नका!” तो ओरडला, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला. “मी दिवेवाला. गॅरेजमधला. तुम्ही कुठे आहात?”

“घाटाच्या पायथ्याशी, पंपावर. चहा प्यायला थांबलोय. का रे? काही विसरलं का आमचं?”

त्या एका क्षणात त्याला सुचले. गाडी इकडे आणायचे कारणच नव्हते. जे बघायचे ते कुठल्याही भिंतीवर दिसले असते.

“काकू, तिथे भिंत आहे का?”

“काय आहे का?”

“भिंत. सपाट, मोठी.”

“अहो, हा भिंत विचारतोय,” काकू म्हणाल्या, आणि फोन काकांच्या हातात गेला. काकांना त्याने दोन वाक्यांत सांगितले. काका म्हणाले, “पंपाची कंपाउंडची भिंत आहे. विटांची. चालेल?”

“धावेल. तिच्याकडे तोंड करून गाडी सपाट जागेवर लावा, भिंतीपासून जरा लांब. दिवे लावा. मग सगळ्यांना खाली उतरवा.”

पलीकडून दारे उघडल्याचे, कण्हल्याचे आणि कुरकुरल्याचे आवाज आले. गुडघे आत्ताच कुठे ऊब धरत होते, आणि आता पुन्हा उतरा म्हणे, असे काकांच्या आई म्हणत होत्या. काकूंच्या आई म्हणत होत्या की घाट नको, बोगद्याच्या रस्त्याने चला, असे त्या सकाळपासून सांगत आहेत. पण त्यांचे इथे कोण ऐकतो.

“उतरले सगळे,” काका म्हणाले.

“आता भिंतीवर उजेडाची वरची कड दिसेल. तिच्याखाली लख्ख, वर अंधार. त्या कडेवर एक खूण करा.”

“खूण कशानं करू? खडू कुठून आणू?” आणि मग, स्वतःशीच, “थांब, पीठ आहे.” डिकी उघडली, पोत्याची शिवण उसवली गेली. “हं. ओढली रेघ. आयुष्यात पहिल्यांदा भिंत लाटली.”

“आता तिघींना मागे बसवा. आणि कड कुठे जाते ते बघत राहा.”

इथे जरा खोळंबा झाला.

“विहीणबाई, आधी तुम्ही बसा.”

“छे, छे, तुम्ही. मोठ्या तुम्ही.”

“मोठी कशानं? वयानं, का वजनानं?”

“आज दोन्ही लागणार आहे म्हणे.”

“आई! दोघीही!” काकू कळवळून म्हणाल्या. “दिवे जळतायत!”

दारे आपटली. त्याने फोन कानाशी इतका घट्ट धरला की कान दुखू लागला. तीन माणसांच्या वजनाखाली खचणारी गाडीची पाठ त्याला स्वतःच्या पाठीत जाणवत होती.

“चढली,” काका म्हणाले. “कड पिठाच्या वर गेली.”

“बरोबर. आधी चढणारच. आता जरा दम खाईल, आणि उतरेल. उतरली का?”

पंपावर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला.

“काका, उतरली का?”

“नाही रे बाबा,” काका हळू म्हणाले. मघाची थट्टा आता त्यांच्या आवाजात नव्हती. “थांबली, आणि आणखी चढली. पिठाच्या वर चांगली वीतभर आहे. जागची हलत नाही.”

तो गॅलरीत खाली बसला. आपण चुकलो होतो, याची आता खात्री झाली होती. आणि तरी त्याच्या आत कुठेतरी, ज्याची लाज वाटावी असे, काहीतरी हलके झाले होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या शंकेला पाय टेकायला जमीन मिळाली होती. फक्त ती जमीन त्याच्याच चुकीची होती.

“दिवे बंद करा आणि गाडी हलवू नका,” तो म्हणाला. “मी येतो.” या वाक्याची त्याने उजळणी केली नव्हती.

बाईंना त्याने सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “खाली येऊन उभा राहा.” त्यांची जुनी जीप आली. मागे यंत्राची पेटी होती, आणि पेटीशेजारी पैलवान, अर्ध्या जेवणातून उठवलेला, तोंड अजून हलत असलेला. पुढे बाईंशेजारी बसून तो एक वाक्य मनात जुळवत होता, मोडत होता, पुन्हा जुळवत होता.

“पुटपुटू नकोस,” बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “बोल.”

“माझी चूक झाली.”

“ते कळलं. पुढे?”

“पुढे काही नाही.”

“मग गप्प बस.”

पैलवानाने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या थट्टेपेक्षा ते जास्त अवघड गेले.

पंपाच्या कोपऱ्यातल्या भिंतीवर पिठाची रेघ उमटलेली होती, थोडी वाकडी, मध्ये बोटे थबकल्याचे ठसे असलेली. काकू आणि दोन्ही आज्या एका बाकावर शाली पांघरून बसल्या होत्या. आपल्याला कुणी फाडफाड बोलेल अशी त्याने तयारी ठेवली होती. पण काकांच्या आईने त्याला जवळ बोलावले, खालपासून वरपर्यंत न्याहाळले, आणि विचारले, “तूच का तो भिंत विचारणारा?”

“हो.”

“बरं केलंस. नुसता श्वास घेत बसला असतास तर आम्ही केव्हाच वर असतो.” त्यांनी घाटाकडे बोट केले, आणि कोणत्या अर्थाने ‘वर’ ते सांगितले नाही.

त्याने जॅक लावला, लाकडाचे ठोकळे सारले आणि गाडीखाली शिरला. बाईंनी स्वतः बॅटरी धरली. उजेडात दांडी दिसली, नवी कोरी, चकाकणारी. ठिपका आतल्या बाजूला होता. एवढासा, राईएवढा. त्याच्याकडे बघताना त्याला राग आला नाही. फक्त इतक्या लहान गोष्टीने इतक्या माणसांना थंडीत उभे केले होते, याचे नवल वाटले. त्याने नट सोडवला, दांडी फिरवली, आणि हातमोजा दातांनी ओढून काढून उघड्या अंगठ्याने नट आवळला. ठिपका अंगठ्यात रुतला.

मग पैलवान चालकाच्या जागी बसला, बाईंनी यंत्राला शून्य दाखवले आणि हिरवा दिवा लागला. बाईंनी त्या दिव्याकडे बघितलेही नाही.

“आता मागे,” त्या म्हणाल्या.

“आम्ही माणसं आहोत का वजनकाट्याची मापं?” काकूंच्या आई कुरकुरल्या, पण या वेळी विहिणीचा हात धरून आधी स्वतःच आत शिरल्या.

सारे भिंतीकडे बघत उभे राहिले. पंपावरचा माणूससुद्धा नळी हातात धरून आला. कड पिठाच्या रेघेवरून वर सरकली. थांबली. आणि मग, झोपेत कूस बदलावी तशी, सावकाश खाली येऊन रेघेशी टेकली.

“उतरली!” काका म्हणाले.

“पुन्हा बघू या,” तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितले. मग त्याच पुढे झाल्या, मागचे दार उघडले आणि म्हणाल्या, “उतरा, आई. पुन्हा एकदा.” कुणीही कुरकुर केली नाही. कड पुन्हा चढली, पुन्हा उतरली.

गाडी निघाली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. पहिल्या वळणावर तिचे दिवे आधी वळले, मग गाडी वळली. दुसऱ्या वळणावर वरून एक ट्रक उतरत होता. लांब पसरलेल्या झोतात ट्रकपुरती सावली कोरली गेली आणि त्याच्यासोबत सरकू लागली. खालची सतरंजी रस्त्यावरच राहिली. दिपलेला ट्रकवाला दिवे उघडझाप करून शिवी देतो. या ट्रकवाल्याने एकदाही उघडझाप केली नाही. तो शांतपणे उतरत आला आणि पंपापुढून निघून गेला. आपल्याला काय झाले नाही, हे त्याला कधीच कळणार नव्हते.

“मी म्हटलं होतं, काही निघालं नाही तर खोली जाईल,” बाई मागून म्हणाल्या. “निघालं. म्हणजे खोली जात नाही.”

त्याने मान डोलावली. मग, अंधारात ते दिसले नसेल म्हणून, म्हणाला, “हो.”

“पण आपण इतके दिवस रिकाम्या गाड्या तपासत आलो. तूही, मीही. रिकामी गाडी घेऊन घाटात कोण जातं? उद्यापासून गाडी सुटण्याआधी मागे तिघं बसतील. धुलाईतले, स्टोअरमधले, गिऱ्हाईक हजर असेल तर गिऱ्हाईक. प्रत्येक गाडीला.”

“माझ्या खोलीत?”

“मग काय रस्त्यावर?”

परतीच्या वाटेवर त्याला कळेना, आपल्याला काय मिळाले आणि काय गेले. खोली होती. पण तिच्यातली ती शांतता, जिच्यासाठी तो सकाळी सगळ्यांच्या आधी पोहोचत असे, ती आता कुणाकुणाच्या हसण्याने आणि ओल्या बुटांनी भरून जाणार होती. धुलाईच्या अंगणाला तो भीत होता, आणि ते अंगणच उठून त्याच्या खोलीत राहायला येणार होते.

सकाळी पहिली गाडी उभी राहिली. पैलवान पुढे, मागे धुलाईतले दोघे आणि त्यांच्यामध्ये स्टोअरकीपर, मांडीवर स्वतःचा डबा घेऊन. दार लावले तरी आवाज आतच राहिले.

“अरे, सरक की जरा!”

“कुठे सरकू? काचेतून बाहेर?”

“सहल कुठे चाललीय पण?”

“शंकासुर नेईल तिकडे.”

मागची सीट रिकामी असतानाच त्याने यंत्राला शून्य दाखवले होते, आता दिवे लावले. भिंतीवरून परतलेल्या उजेडात चार चेहरे एकाच वेळी दिसू लागले, आणि चारही त्याच्याकडे बघत होते. भिंतीवरची कड रेघेच्या वर होती.

“झालं का रे? उतरू?” पैलवानाने विचारले, आणि दाराच्या कडीला हात घातला. मागचे तिघेही उठू लागले. गाडी हलली, भिंतीवरचा उजेड डुचमळला.

“थांबा,” तो म्हणाला. ते कुणाला ऐकू गेले नाही.

“थांबा!” त्या खोलीत इतक्या मोठ्याने आजवर कुणी बोलले नव्हते. “कुणी हलायचं नाही. मी सांगेपर्यंत.”

चौघेही होते तिथे बसून राहिले. पैलवानाने कडीवरचा हात काढून गुडघ्यावर ठेवला. कड अजून वरच होती. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि ते त्याच्या तोंडाकडे.